नकुशी हे नाव मुलीला उद्देशून नव्हतंच

नकुशी या नावावर आपल्याकडे अधूनमधून वाद रंगतो. जानेवारीत राष्ट्रीय बालिका दिन आला किंवा मार्चमध्ये महिला दिन आला, की साताऱ्यात २०११ मध्ये नकुशी नावाच्या मुलींना एकत्रित नवी नावं दिली गेली त्या सामूहिक नामकरणाची आठवण निघते आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नावात काय ठेवलंय, आधी मानसिकता बदला. दुसरा म्हणतो, नावं बदलली, मुलींना सन्मान मिळाला, शिवाय आता कुणी असलं नाव ठेवतही नाही, म्हणजे समाज पुढे गेला. मला हे दोन्ही युक्तिवाद चुकीचे वाटतात, कारण हे नाव मुळात काय काम करतं ते दोघेही पाहत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ज्या नकुशीला आपलं नाव बदलून हवंय, तिचं ते बदललंच पाहिजे, मग ती पाच वर्षांची असो की पन्नास वर्षांची. तो बदल तिच्या प्रत्येक कागदावर, सरकारी खर्चाने झाला पाहिजे. आणि त्याच वेळी हे नाव दुर्मीळ होत चाललंय याबद्दल आपली पाठ थोपटून घेणं आपण थांबवलं पाहिजे.

नावाची व्युत्पत्ती शोधायला कोश उघडावा लागत नाही. नको, नकोशी, आणि बोलीत नकुशी किंवा नकुसा. सातारा जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या भागात दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली की हे नाव ठेवलं जाई. त्यामागे केवळ राग किंवा निराशा नव्हती, एक ठाम समजूत होती. हिचं नाव नकुशी ठेवलं की पाळणा पुन्हा मुलीचा हलणार नाही, पुढचा मुलगाच होईल. म्हणजे हे नाव पाळण्यात निजलेल्या मुलीशी बोलतच नव्हतं. ते बोलत होतं अजून गर्भातही न आलेल्या पुढच्या मुलीशी, तिला वाटेतच अडवायला. जी आली होती तिच्या अंगावर फक्त तो निरोप लिहून ठेवला होता. आयुष्यभर हाक तिला मारायची, आणि प्रत्येक हाकेत निरोप मात्र दुसरीला द्यायचा.

आता यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप पाहू. लोकसंस्कृतीचे जाणकार विचारतात की धोंडू, दगडू, केरबा, भिकू, उकिरडा ही नावं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नव्हती का? मुलं जगत नसत त्या काळात आईबापांनी पोटच्या पोराला दगड म्हटलं, केरात लोळवलं, भीक मागून आणलेला म्हणून भिकाजी केलं. यात दुष्टावा नव्हता, काळजी होती. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं, १८५७ च्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. त्या नावाने त्यांचं काय अडलं? बायकांतही दगडाबाई, धोंडाबाई होत्याच की. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके यांना त्यांच्या नावाने कुठे मागे खेचलं? मग नकुशीचाच एवढा गाजावाजा का? जुन्या चालीरीतींकडे शहरी चष्म्यातून पाहून खेड्यातल्या माणसांना रानटी ठरवण्याचा हा प्रकार नाही का?

यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. धोंडू आणि दगडू ही प्रेमाची नावं होती. पण नकुशी त्या ओळीत बसत नाही, आणि का बसत नाही ते नीट पाहिलं तर सगळा वादच वेगळा दिसू लागतो. धोंडू हे नाव खोटं बोलतं. ते दृष्ट लावणाऱ्याला, सटवीला, मृत्यूला सांगतं की इथे नेण्यासारखं काही नाही, नुसता दगड आहे. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हे खोटं आहे, आणि ते खोटं मुलाला वाचवण्यासाठी आहे. नकुशी हे नाव खरं बोलतं. ते कुणाला फसवत नाही. घराला जे वाटतं तेच ते जाहीर करतं. धोंडूच्या नावाचा फायदा धोंडूला. नकुशीच्या नावाचा फायदा, झालाच तर, तिच्या न जन्मलेल्या भावाला. नकुशी जगावी यासाठी त्या नावात काहीही नाही.

या दोन नावांमधलं अंतर किती खोल आहे ते तिसऱ्या एका नावावरून कळतं. नथू. मुलगे दगावत असलेल्या घरात मुलगा झाला की त्याचं नाक टोचून त्यात नथ किंवा सुंकलं घालायचं, त्याला मुलीसारखं वाढवायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जाणार नाही. या चालीच्या पोटात कोणतं गृहीतक आहे? मृत्यूलासुद्धा मुलगी नको असते, हेच ना? मुलाला वाचवायचं तर त्याला मुलगी असल्याचं भासवावं, कारण मुलीचा हेवा कुणी करत नाही, अगदी यमही नाही. ज्या लोकसंस्कृतीत धोंडू प्रेमाने जन्माला आला तिच्यातच हेही होतं. म्हणून ‘आपली जुनी चाल आहे’ एवढ्यावर नकुशीचा बचाव होत नाही. चालीरीती समजून घ्यायच्या म्हणजे त्यांच्यातली प्रत्येक गोष्ट सारखीच निष्पाप मानायची असं नव्हे. आणि परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर मनुस्मृतीसारख्या ग्रंथानेही, ज्याने शूद्राचं नाव तिरस्कारदर्शक असावं असं लिहून ठेवलं, स्त्रीचं नाव उच्चारायला सोपं, मनाला आवडणारं, मंगल आणि आशीर्वादासारखं असावं असं त्याच दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. नकुशी पोथीतून आलेली नाही. ती घरातल्या हिशेबातून आली आहे.

तो हिशेब फक्त माणदेशातला नाही, हेही खेड्याला दोष देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. हरियाणा-राजस्थानात मुलींना अंतिमा, भतेरी, माफी, धापू अशी नावं ठेवली गेली. शेवटची, पुष्कळ झाल्या, क्षमा कर, पोट भरलं, असे त्यांचे अर्थ. बंगालमध्ये आन्नाकाली, म्हणजे ‘आता आणखी नको गं काली’, आणि क्षांतमणी, म्हणजे थांब. तमिळमध्ये वेंडाम, अक्षरशः ‘नको’. चीनमध्ये झाओदी, धाकट्या भावाला बोलावून आणणारी. कोरियात मालजा, शेवटची मुलगी. भाषा वेगळ्या, देव वेगळे, अन्न वेगळं, पण मुलीच्या नावातून मुलगा मागण्याची युक्ती एकच. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचते तेव्हा तिचं कारण अडाणीपणात शोधून चालत नाही. जमीन कुणाच्या नावावर चढते, म्हातारपणी कुणाच्या घरी राहायचं, अग्नी कोण देणार, लग्नात कोण कुणाला देणार आणि कोण घेणार, या प्रश्नांची उत्तरं जिथे जिथे सारखी होती तिथे तिथे नकुशी जन्माला आली.

दुसरा आक्षेप जास्त मानवी आहे, आणि तो मी सहज बाजूला सारू शकत नाही. कित्येक नकुशींना घरात भरपूर माया मिळाली. नकू, नकाताई, नकाक्का म्हणून त्या भावंडांत वाढल्या, शिकल्या, सासरी गेल्या, घरं चालवली. हाका मारून मारून नावाचा अर्थ झिजून जातो, जसा भीमाबाई म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे नदी येत नाही. त्यांना जाऊन ‘तुझं नाव म्हणजे तुझा अपमान आहे’ असं सांगणारे आपण कोण? त्यांच्या आईबापांना जाहीरपणे गुन्हेगार ठरवणारे आपण कोण? मला असंही वाटतं की ज्या आईबापांनी मुलीला नकुशी म्हटलं पण वाढवलं, खाऊपिऊ घातलं, त्यांनी निदान तिला जगात येऊ दिलं. पुढे त्यांच्याच गावात जे झालं ते पाहता ही गोष्ट लहान नाही.

तरीही अर्थ झिजतो हे घराच्या उंबऱ्याच्या आतच खरं असतं. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना तो पुन्हा धारदार होतो. संस्कृत नावांचा एक फायदा असा की त्यांचा अर्थ कुणालाच चटकन कळत नाही. वैशालीला आपल्या नावाचा अर्थ विचारावा लागतो. नकुशीच्या नावाचा अर्थ वर्गातल्या सगळ्या पोरांना आधीच कळलेला असतो. एका सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझ्यापुढे एक बाई रांगेत होत्या, चाळिशी ओलांडलेल्या, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. खिडकीतल्या मुलाने विचारलं, ‘मावशी, नाव सांगा.’ त्यांनी नाव सांगितलं नाही. पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढलं आणि काचेखालून पुढे सरकवलं. त्याने ते वाचलं, एकदा वर पाहिलं आणि काही न बोलता टाइप केलं. त्याचं हे न बोलणं चांगुलपणाचं होतं. पण आपलं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ येऊ नये म्हणून कार्ड पुढे करायची सवय त्या बाईंना किती वर्षांत लागली असेल? अशा बाईला ‘तुम्हाला काही वाटत नसेल’ हे आपण परस्पर ठरवायचं? ज्यांना खरोखर काही वाटत नाही त्यांनी नाव ठेवावं, तो त्यांचा अधिकार. पण त्यांची नावावरची माया पुढे करून इतरांची वाट अडवू नये.

आता सातारा. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींचं एकत्रित नामकरण झालं. मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली, फुलं मिळाली, देशविदेशातल्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. अनेकींनी देवींची नावं घेतली, काहींनी सिनेतारकांची. त्यावर तेव्हाही आणि आताही टीका होते की हा देखावा होता. त्याच वर्षीच्या जनगणनेच्या सुरुवातीच्या आकड्यांत साताऱ्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८८१ मुली होत्या, आणि एका दिवसाच्या सोहळ्याने तो आकडा हलणार नव्हता. टीकाकारांचं हे म्हणणं बरोबर आहे. पण त्यातून ते जो निष्कर्ष काढतात, की म्हणून नाव बदलणं व्यर्थ, तो बरोबर नाही. मुलीचं नाव बदलणं हे लिंग गुणोत्तर सुधारण्याचं साधन आहे असं मानलं तरच ते फसलं असं म्हणता येईल. ते त्या २८५ जणींचं देणं होतं. देणं फेडल्याने बाकीच्या जगात काही सुधारलं का, असा हिशेब कुणी मांडतं का?

आणि ‘नावात काय ठेवलंय’ हा प्रश्न इतर कुणी विचारला तर एक वेळ समजेल. महाराष्ट्राला तो विचारायचा अधिकार नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगावी घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षं या राज्यात नावासाठी लोक लढले, तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. नाव म्हणजे नुसती अक्षरं असती तर एवढा विरोध कशासाठी झाला असता? नाव नाकारणाऱ्यांनाही ठाऊक होतं की ते मिळालं की मान द्यावा लागतो. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हिणवणारी नावं आली त्यांनी धर्मांतरानंतर मुलांची नावं जाणीवपूर्वक बदलली तेव्हाही ‘नाव बदलून काय होतं’ असं म्हणणारे होतेच. नाव बदलल्याने सगळं होत नाही. पण ज्याला ते बदलावंसं वाटतं त्याला आपण माणूस आहोत हे आधीच कळलेलं असतं, आणि समाजाने फक्त त्याला दुजोरा द्यायचा असतो.

आईबापांनी ठेवलेलं नाव बदलणं म्हणजे त्यांचा अपमान, असंही काहीजण म्हणतात. हा युक्तिवाद मला आश्चर्यकारक वाटतो, कारण मुलींची नावं बदलण्यात आपला समाज वाकबगार आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवऱ्याने नवं नाव लिहायचं आणि सगळ्यांनी पेढे खायचे, ही चाल किती घरांत आनंदाने पाळली जाते! यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या. कल्याणची यमुना जोशी, नऊ वर्षांची असताना लग्न होऊन, आनंदीबाई जोशी झाली. मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या. तेव्हा कुणाच्या आईबापांचा अपमान झाला नाही. नवऱ्याने बदललं तर संस्कार आणि मुलीने स्वतः बदललं तर अपमान, हे कोणत्या तर्कात बसतं? उलट २०११ ची खरी मोलाची गोष्ट हीच होती की अनेक मुलींनी नवं नाव स्वतः निवडलं. ऐश्वर्या हे नाव सिनेमावरून घेतलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी विचारेन, सासरच्या आवडीने ठेवलेली किती नावं बायकांनी मुकाट्याने आयुष्यभर वापरली?

तिसरा आक्षेप बुद्धिमान आहे आणि तो बहुतेकदा स्त्रीप्रश्नावर मनापासून काम करणाऱ्यांकडून येतो. नकुशी हे नाव पुरावा आहे, ते म्हणतात. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये किती नकुशा आहेत त्यावरून त्या गावाने काय केलं ते कळतं. नावं पुसली की पुरावा पुसला. गाव मोकळं झालं. मला या म्हणण्याबद्दल आदर आहे. पण पुरावा जपायची जबाबदारी त्या मुलीवर का? राजपत्रात नाव बदलताना जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही छापली जातात. ज्याला इतिहास लिहायचाय त्याने राजपत्र चाळावं, रजिस्टरं तपासावीत. इतिहासाची सोय म्हणून एखाद्या जिवंत बाईने रोज ते नाव अंगावर वागवावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते.

मात्र या तिसऱ्या आक्षेपात एक खरा धोका दडलेला आहे, आणि इथेच दुसऱ्या तटाचा, म्हणजे ‘आता कुणी असलं नाव ठेवत नाही’ म्हणून समाधान मानणाऱ्यांचा, युक्तिवाद कोसळतो. नकुशी हे नाव कमी का झालं? मुली हव्याशा झाल्या म्हणून? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ८०७. याच वीस वर्षांत सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ चा. कायदा आधी आला तरी आकडा घसरतच गेला. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ज्या भागात आजीच्या पिढीत तिसऱ्या मुलीचं नाव नकुशी ठेवून वाट पाहिली जाई, त्याच भागात नातीच्या पिढीत वाट पाहायची गरज उरली नाही. नावाने जे काम करायचं होतं, म्हणजे पुढच्या मुलीला अडवायचं, ते यंत्राने खात्रीने केलं. मग नाव ठेवायला मुलगी कुठून येणार? नकुशी नाव दुर्मीळ झालं याचं एक कारण नकुशीच दुर्मीळ झाल्या हे आहे. त्याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जिथे यंत्र वापरलं जात नाही तिथेही हा हिशेब थांबलेला नाही, फक्त त्याचं नाव उरलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये मांडलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालाने एक वेगळी मोजणी केली. कुटुंबातलं शेवटचं अपत्य कोण, मुलगा की मुलगी, हे पाहिलं. आईबाप कुठे थांबतात त्यावरून त्यांना काय हवं होतं ते कळतं. पहिल्याच अपत्यावर थांबलेल्या कुटुंबांत एका मुलीमागे १.८२ मुलगे होते, निसर्गाने हे प्रमाण साधारण १.०५ असतं. मुलगा झाला की थांबायचं, मुलगी झाली की आणखी एक पाहायचं. या पद्धतीने, मुलग्याच्या आशेने पुढे जात राहिलेल्या घरांत जन्मलेल्या ‘नकोशा’ मुलींची संख्या अहवालाने २ कोटी १० लाख काढली. या मुलींची नावं अनन्या, श्रेया, ईश्वरी अशी सुंदर आहेत. त्यांना कुणी हिणवत नाही. पण साताऱ्याच्या २८५ जणींकडे कीव करून पाहणाऱ्या शहरी, शिकलेल्या घरांत या २ कोटींमधल्या किती असतील, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो का? ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ अशी म्हण आपल्याकडे आहे. दुसरीसाठी, तिसरीसाठी म्हण नाही.

‘मानसिकता बदला’ म्हणणाऱ्यांशी माझा शेवटचा वाद इथे आहे. मानसिकता हवेत नसते, ती कागदात असते. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. १९९० मध्ये तिथे जन्माच्या वेळी शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे होते, आपल्यापेक्षाही वाईट. २००७ च्या आसपास हे प्रमाण निसर्गाच्या पातळीला आलं. नव्वदच्या दशकात लिंगनिदानावर कारवाई झाली, बायका शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, म्हातारपणाची तजवीज मुलावर अवलंबून राहिली नाही. आणि याच काळात तिथल्या स्त्रियांनी ‘होजू’ पद्धतीविरुद्ध लढा दिला. प्रत्येक कुटुंबाचा प्रमुख पुरुषच, आणि मुलगी लग्नानंतर बापाच्या नोंदवहीतून नवऱ्याच्या नोंदवहीत, अशी ती कायदेशीर व्यवस्था होती. २००५ मध्ये ती घटनाबाह्य ठरली आणि २००८ पासून रद्द झाली. नोंदवहीतलं नाव आणि समाजातलं स्थान यांचा संबंध नसता तर तिथे यासाठी इतकी वर्षं लढावं लागलं नसतं.

आपल्याकडेही कागद आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षं आधी. याचा अभिमान बाळगावा. पण गावात बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद करताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भाऊ बहिणींना बोलावतो, साडीचोळी होते, आणि हक्कसोडपत्रावर सह्या होतात. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. जन्मताना जी घराला नको होती तिच्याकडून पुढे ‘मला नको’ असं मुद्रांकावर लिहून घेतलं जातं. जोवर ही सही प्रेमाचा पुरावा मानली जाते तोवर मुलगा ‘लागतोच’ ही समजूत जाणार नाही. म्हणून नाव बदलण्याला पुरेसं कुणी म्हणू नये, आणि निरुपयोगीही म्हणू नये. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहणं आणि शाळेच्या दाखल्यावर नकुशीचं नाव बदलणं या एकाच लढ्याच्या दोन बाजू आहेत.

मग २०११ मध्ये चुकलं काय? सोहळा झाला पण पुढचा पाठपुरावा त्या त्या कुटुंबावर पडला. आणि मोठ्या बायका बाहेरच राहिल्या. वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या, लग्न झालेल्या नकुसाबाईने आज नाव बदलायचं ठरवलं तर तिला प्रतिज्ञापत्र करावं लागतं, राजपत्रासाठी अर्ज आणि शुल्क भरावं लागतं, मग आधार, पॅन, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मतदार यादी, सातबारा, प्रत्येकासाठी वेगळी खेप. आधारवर पूर्ण नाव बदलायला राजपत्र लागतंच. रोजंदारीवर जाणारी बाई एवढ्या खेपा कधी घालणार? ती आधार कार्ड काचेखालून सरकवत राहते.

यात एक नवी घाई आहे, तिच्याकडे अजून फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं केलं आहे. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईला कागदावर जागा मिळाली, उत्तम निर्णय. पण २०११ च्या त्या सोहळ्यापर्यंत जिच्या गावात कुणी पोचलं नाही अशी एखादी नकुसा आज आई होत असेल, तर तिच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर, पुढे पदवीवर मधलं नाव नकुसा असणार आहे. मुलीसाठी ठेवलेलं, मुलगा मागणारं नाव आता तिच्या मुलामुलींच्या नावात मिसळणार. हे टाळायचं तर प्रसूतीच्या वेळीच, जन्मनोंद करणाऱ्या ग्रामसेवकाने किंवा रुग्णालयाने आईला विचारायला हवं की तिला नाव बदलायचं आहे का, आणि हो म्हटलं तर एका अर्जात, शुल्क न घेता, तिचे सगळे कागद बदलायला हवेत. आशाताईंना गावातल्या अशा प्रत्येक बाईचं घर माहीत असतं. जिल्हा परिषदेला यासाठी मंडप घालायची गरज नाही. एक शासन निर्णय, शुल्कमाफी, आणि तालुक्यात महिन्यातून एकदा सगळ्या खात्यांचे लोक एका टेबलाशी बसतील असा एक दिवस एवढं पुरेल. १ मे २०२४ नंतर जन्मलेली मुलं थोड्याच वर्षांत पहिलीच्या प्रवेशासाठी शाळेत येतील. त्याआधी हे झालं पाहिजे.